मिनिटमास्तरांची घाई

आमच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या मास्तरांना सगळे मिनिटमास्तर म्हणत. त्यांना ते नाव आवडायचं. लोकांनी थट्टेने ठेवलेलं नाव पदवीसारखं मिरवणारी काही माणसं असतात, त्यांतले ते. गळ्यात कायम एक स्टॉपवॉच लोंबत असायचं. खेळाच्या सरांनी ते त्यांना एका दिवसापुरतं दिलं आणि पुन्हा काही त्याचं तोंड पाहिलं नाही. तेव्हापासून आमच्या शाळेतली मुलं अंदाजाने पळतात.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षकांच्या खोलीत मला ‘रंगारी’ म्हणत, आणि परीक्षा आली की सगळ्यांना माझी आठवण यायची. चित्रकलेच्या मास्तराला परीक्षेत काय काम? करा पर्यवेक्षण. अशी एकवीस वर्षं मी वर्गाच्या पुढच्या उंचवट्यावर उभा राहून मुलांना लिहिताना पाहिलं. मिनिटमास्तरांनी मुलांना काय शिकवलं हे त्यांच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे. ते शिकवून मोकळे व्हायचे. निकाल लागायच्या आधी तो मी डोळ्यांनी बघायचो.

त्यांची शिकवण साधी होती. “ऐंशी मार्क, एकशेऐंशी मिनिटं. एका मार्काला सव्वादोन मिनिटं. दहा सेकंद प्रश्नावर नजर टाका. मोठा शब्द पकडा. पकडला? मग सुटू द्या पेन! पेन थांबला की मार्क थांबला.” मग आवाज खाली आणून, गुपित सांगावं तसं, “आणि एक लक्षात ठेवा. तपासणारा वाचत नाही. तो पानं मोजतो.”

त्यांना एवढं नक्की कसं माहीत होतं? कारण ते स्वतः तसेच तपासायचे.

मी प्रश्नपत्रिका वाटत शेवटच्या बाकाशी पोचायच्या आत पहिल्या बाकावरच्या मुलांचं अर्धं पान लिहून झालेलं असे. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा पन्नास पेनांचा आवाज सुरू व्हायचा. ‘कोणतेही दोन सोडवा’ असं छापलेलं असताना पाचही सोडवणारी मुलं मी पाहिली. ‘फरक सांगा’ म्हटल्यावर दोन्हींचं स्वतंत्र गुणगान करून फरकाचं नावही न घेणारी पाहिली. ‘एका वाक्यात उत्तर लिहा’ याला सव्वा पान लिहिणारी तर दर वर्षीची. ती सगळी मुलं हुशार होती, कष्टाळूही होती. त्यांना फक्त वाचायला मनाई होती.

एका वर्षी भूगोलाचा पेपर दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी काढला आणि तपासलाही त्यांनीच. त्यात प्रश्न आला: ‘शहरे नदीकाठीच वसतात, हे विधान का पटत नाही ते तीन उदाहरणांसह लिहा.’ जवळजवळ अख्ख्या वर्गाने ‘शहरे’ आणि ‘नदीकाठ’ हे मोठे शब्द पकडले, आणि नदीकाठी राहण्याचे फायदे दोन-दोन पानं लिहून काढले. पिण्याचं पाणी, शेती, वाहतूक, थंड हवा. एकाने तर संध्याकाळी फिरायला बरं पडतं असंही लिहिलं होतं. त्या एका प्रश्नाचे आठ मार्क होते. बावन्न मुलांपैकी एकोणपन्नासांना शून्य.

एखादा दुसरा असता तर चार दिवस घराबाहेर पडला नसता. मिनिटमास्तर दुसऱ्या दिवशी पालकांना घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत हजर. “प्रश्न फसवा आहे,” ते म्हणाले. “मुलांनी अभ्यास केला तो पटण्याचा, आणि विचारतात न पटण्याचं! हा काय न्याय झाला?” पालकांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंना गोंधळाची भीती वाटायची, सत्याची तितकी वाटत नसे. त्यांनी सगळ्यांना सरसकट आठ मार्क देऊन टाकले. ज्या तिघांनी प्रश्न वाचून बरोबर उत्तर लिहिलं होतं त्यांनाही आठच. वाचल्याबद्दल वेगळं काही मिळत नाही हा धडा त्या तिघांना फुकटात मिळाला.

मिनिटमास्तरांची कीर्ती त्या दिवसापासून वाढली. दुसऱ्या शाळांतून बोलावणी येऊ लागली. त्यांनी ‘मिनिटांचा मंत्र’ नावाची चोवीस पानी पुस्तिका काढली. सातव्या पानावर तीन तासांच्या पेपरचं वेळापत्रक होतं. घरी बसून मी त्याची बेरीज केली, कारण चित्रकलेच्या माणसाला संध्याकाळी वेळ असतो. बेरीज आली एकशे पंच्याण्णव मिनिटं. वरची पंधरा मिनिटं मुलांनी बहुधा घरून डब्यात आणायची होती.

मी त्यांना ते दाखवलं. ते म्हणाले, “छपाईची चूक आहे हो, रंगारी. बारीकसारीक बघत बसलं की माणूस मोठं काही करत नाही.” दुसरी आवृत्ती निघाली. बेरीज तीच. पालक ती पुस्तिका नेतच राहिले, आणि त्यांतल्या एकानेही ती आकडेमोड केली नाही. ज्या घरात मुलाला ‘नीट बघून लिही’ म्हणून रोज ओरडतात त्याच घरातली ही माणसं.

आता त्यांच्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिची आहे.

वहिनी चौकातल्या औषधांच्या दुकानात काम करायच्या. दुकान मालकाचं, पण चालायचं त्यांच्यावर. पंधरा वर्षं त्या काउंटरमागे उभ्या होत्या. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांनी शाईत पाय बुडवून मोर्चा काढावा असं, पण वहिनी प्रत्येक चिठ्ठी तीनदा वाचायच्या. एकदा हातात घेतल्यावर, एकदा औषध खाली काढल्यावर, एकदा पिशवीत घालताना. मी दर महिन्याला आईच्या गोळ्या आणायला जायचो, तेव्हा बघायचो.

एकदा वडिलांचं औषध न्यायला रांगेत उभा असलेला एक गृहस्थ तापला. “अहो ताई, चिठ्ठी आहे का कादंबरी? किती वाचाल?”

वहिनींनी वर बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांना फोन लावला, विचारलं, “अर्धी का दीड?” उत्तर ऐकून घेतलं आणि त्या गृहस्थाला गोळ्या देत म्हणाल्या, “अर्धी आहे. दीड दिली असती तर तुमचा वेळ वाचला असता. वडिलांचं काय झालं असतं ते सांगता येत नाही.”

गृहस्थाने गोळ्या खिशात घातल्या. आभार मात्र मानले नाहीत. ज्यांना चुकीतून वाचवावं ती माणसं सहसा आभार मानत नाहीत.

तर अशा बाईचं लग्न अशा माणसाशी झालं होतं, आणि त्यांना एकच मुलगी. घरात तिला चिंगी म्हणत. ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला आली आणि मिनिटमास्तरांना वाटलं, आता मंत्राची खरी जाहिरात घरातच तयार होणार. तिच्या टेबलावर त्यांनी हॉटेलच्या गल्ल्यावर असते तशी दाबायची घंटी आणून ठेवली. दर बारा मिनिटांनी ते येऊन ती वाजवायचे, आणि चिंगीने हातातलं उत्तर तिथल्या तिथे सोडून पुढचं घ्यायचं. पोरगी जेवायला बसली की घास मोजल्यासारखी जेवायला लागली. कुणी ‘काय गं, कशी आहेस?’ विचारलं तरी प्रश्न संपायच्या आत ‘बरी आहे’ म्हणून मोकळी.

सराव परीक्षेला तिच्या वर्गावर मीच होतो. पेपर हातात पडल्यावर तिचा पेन जो सुटला तो थांबला नाही. अडीच तासांत संपवून ती हात मांडीवर ठेवून बसली. मग तिने सहज प्रश्नपत्रिका पुन्हा उचलली, आणि मी तिच्या चेहऱ्याचा रंग उतरताना पाहिला. रंगाचं काम आयुष्यभर केलंय, त्यात माझी चूक होत नाही. तिने एक पान खोडलं, मग दुसरं. मग तिने पेन बाकावर ठेवून दिला. अजून पंचवीस मिनिटं बाकी होती.

ऐंशीपैकी चौतीस.

मिनिटमास्तरांनी उत्तरपत्रिका पाहिली. म्हणजे पानं मोजली. “बावीस पानं लिहून चौतीस? वेग कमी पडतोय तुझा. आपण घंटी दहा मिनिटांवर आणू.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर वहिनी चिंगीला घेऊन दुकानात गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्याकडे जुन्या प्रश्नपत्रिका असतील ना?”

असायला काय, ढीग होता. उरलेल्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी हात साफ करायचो. पुढून इतिहास आणि मागून घोडा, पुढून व्याकरण आणि मागून किटली, अशा दीडेकशे तरी मी त्यांना नेऊन दिल्या.

दुकानाच्या मागे मालाची खोली होती. खोक्यांच्या थप्प्या, एक खिडकी, स्पिरिटचा वास. एका खोक्यावर चिंगी, दुसऱ्यावर वहिनी. मी पोचलो तेव्हा वहिनींनी पहिली गोष्ट केली ती ही, की पोरीच्या हातातला पेन काढून स्वतःच्या केसांत खोवला.

“लिहायचं नाही?” चिंगी घाबरली.

“तीन आठवडे नाही. नुसतं वाचायचं. मला सांग, यात काय मागितलंय?”

चिंगीने धाडकन सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “हे तर नुसतं औषधाचं नाव झालं. किती द्यायचंय? जेवणाआधी का नंतर? परत वाच.”

चिंगीने परत वाचलं. “आई, ‘कोणतीही दोन कारणं’ म्हटलंय.”

“आणि तू किती देत होतीस?”

“सगळी.”

“मग तो पेशंट गेला. पुढचा घे.”

पोरगी हसली. कित्येक महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. रोज दोन तास असं चालायचं. ‘किंवा’ म्हणजे किंवा आणि ‘आणि’ म्हणजे आणि. ‘कारणं’ विचारली तर परिणाम द्यायचे नाहीत, फुकट असले तरी. ‘थोडक्यात’ लिहिलं असेल तर समोरच्याला तेवढीच भूक आहे असं समजायचं. मध्येच बाहेरून गिऱ्हाइकाची हाक यायची, वहिनी उठून जायच्या, आणि आल्या की जिथे सोडलं त्याच शब्दापासून सुरू करायच्या.

वेळेचं त्यांनी सर्वांत शेवटी काढलं. चिंगीनेच विचारलं, “एखादा प्रश्न अडला तर? बाबा म्हणतात, काहीही लिही पण लिही.”

“माझ्याकडे रांग असते ना,” वहिनी म्हणाल्या. “एखाद्या चिठ्ठीचं अक्षर लागतच नाही. मग मी काय करते? त्या माणसाला बाकावर बसवते, मागच्यांना औषधं देते, आणि मग परत त्याच्याकडे येते. रांग थांबवायची नाही आणि बसवलेल्याला विसरायचं नाही. तसंच, तो अडलेला प्रश्न बाकावर बसव. त्याच्यासाठी अर्धं पान कोरं सोड आणि पुढे जा.”

संध्याकाळी दुसऱ्या शाळांत मंत्र सांगत फिरणाऱ्या मिनिटमास्तरांना हे कळायला अठरा दिवस लागले. घरात घंटी ऐकायला कुणी नाही हे लक्षात यायला एवढा वेळ लागतो, आणि हे म्हणे वेळेचे जाणकार. ते मालाच्या खोलीत आले तेव्हा मीही तिथेच होतो.

“हे काय चाललंय? परीक्षा महिन्यावर आली आणि पोरीच्या हातात पेन नाही! अगं, तू गोळ्या मोज. शिकवणं माझं काम आहे.”

वहिनींनी शांतपणे एक प्रश्नपत्रिका त्यांच्या हातात दिली. “बरं. यातला तिसरा प्रश्न तुम्ही सांगा.”

मास्तरांनी नजर टाकली. दहा सेकंदसुद्धा नाहीत. उतारा एका प्रवाशाच्या समुद्रप्रवासाबद्दल होता, आणि मास्तरांनी खोक्याला टेकून समुद्रप्रवासावर व्याख्यान सुरू केलं. वारे, दिशा, शिडं, खलाशांचं धैर्य, नकाशांचं महत्त्व. बोलायला बरे होते, खोटं कशाला सांगू. सात-आठ मिनिटांनी ते थांबले आणि आमच्या तोंडांकडे बघायला लागले.

चिंगी खाली बघत हळूच म्हणाली, “बाबा, त्या प्रवाशाला कोणती गोष्ट माहीत नव्हती, एवढंच विचारलंय. एका वाक्यात.”

मास्तरांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला, मग खिडकीच्या उजेडात धरला. आम्ही तिघं वाट बघत होतो. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी खरं बोलेल.

“छपाई पुसट आहे,” ते म्हणाले, आणि निघून गेले.

वहिनी त्यांच्या मागे दारापर्यंत गेल्या नाहीत. खोक्यावर बसून राहिल्या, आणि मग केसांतला पेन काढून चिंगीला दिला. “घे. आजपासून लिही.”

शेवटच्या परीक्षेला चिंगीचं केंद्र दुसऱ्या शाळेत होतं, आणि योगायोगाने माझी नेमणूक त्याच केंद्रावर लागली. पहिला पेपर सुरू झाला. माझ्या वर्गात चाळीस पेन खाली आले आणि एक वरच राहिला. चिंगी वाचत होती. बोट ठेवून, ओळीखाली बारीक रेघ मारत. पाच मिनिटं झाली, आठ झाली. शेजारच्या मुलाने तिच्याकडे दयेने पाहिलं.

इतक्यात व्हरांड्याच्या खिडकीत मिनिटमास्तर दिसले. त्यांचं तिथे काही काम नव्हतं. मुलगी परीक्षेला बसलेली असताना बापाला केंद्राच्या फाटकाच्या आत येता येत नाही. पण फाटकावरच्या माणसाच्या पोराने म्हणे पुस्तिका वाचली होती, आणि आमच्याकडे प्रसिद्ध माणसाला नियम विचारत नाहीत. ते गजांना नाक लावून उभे होते. पोरगी लिहीत नाही हे पाहून त्यांनी स्टॉपवॉच वर धरलं आणि त्यावर बोट आपटायला सुरुवात केली. चिंगीने एकदा वर पाहिलं. तिचा हात पेनाकडे गेला.

मी इतक्या वर्षांत कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, आणि घडवलंही नव्हतं. मुलं चुकताना दिसायची, मी मागे हात बांधून फेऱ्या मारायचो. नियमाप्रमाणे बोलायचं नसतं, असं स्वतःला सांगून मी किती आरामात जगलो याची मला त्या क्षणी शिसारी आली. मी खिडकीशी गेलो.

“अहो रंगारी,” ते कुजबुजले, “सांगा तिला, नऊ मिनिटं गेली!”

मी म्हटलं, “मास्तर, आत्ता जा, नाहीतर केंद्रप्रमुखांना बोलावतो.” आणि त्यांच्या नाकावर खिडकीची झडप लावून घेतली. गंजलेली होती, केवढ्यांदा तरी करकरली. अख्खा वर्ग वळून बघायला लागला. चिंगीने मात्र वर पाहिलं नाही. ती पुन्हा रेघा मारायला लागली होती.

अकराव्या मिनिटाला तिने लिहायला घेतलं. घाई नाही, थांबणं नाही. पाचव्या प्रश्नाशी अडली, तेव्हा अर्धं पान कोरं सोडून सहावा घेतला. शेवटची बारा मिनिटं राहिली तेव्हा उलटी फिरून त्या कोऱ्या जागेत आली. तो प्रश्न तिचा पुरा झाला नाही. घंटा झाली तेव्हा वाक्य अर्धं होतं, आणि तिने ते अर्धंच सोडून उत्तरपत्रिका माझ्या हातात दिली.

त्या पेपरात ऐंशीपैकी अडुसष्ट आले. बाकीचेही तसेच.

निकालाच्या दिवशी मिनिटमास्तर पेढ्यांचा खोका असावा तसं तोंड करून शाळेत आले. तिसरी आवृत्ती काढायची ठरली होती. मुखपृष्ठावर चिंगीचा फोटो आणि खाली ‘मिनिटांच्या मंत्राचे यश’. फोटोवाल्याला त्यांनी घरीच बोलावलं होतं. पुढचं मला वहिनींनी सांगितलं.

चिंगी म्हणाली, “बाबा, पण हे खरं नाहीये.”

ते म्हणाले, “लोकांना खरं नको असतं बाळा, यश हवं असतं.”

हे एक वाक्य मात्र त्यांनी पूर्ण विचार करून उच्चारलं असावं, आणि दुर्दैवाने ते बरोबरही होतं.

वहिनी फोटोवाल्याला चहा देत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “अहो, छापा की. माझ्या काउंटरवर दिवसाला दोनशे माणसं येतात. निम्म्या पोरांच्या आया. विचारलं तर मी खरं काय ते सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन.”

तिसरी आवृत्ती निघाली. मुखपृष्ठावर मिनिटमास्तरांचा स्वतःचाच फोटो होता, घड्याळाकडे बोट दाखवताना. ती आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त खपली.

त्यांचं वाईट काहीच झालं नाही. असल्या माणसांचं होत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांची व्याख्यानं वाढली, सभागृहं भरतात, पालक वह्या घेऊन पुढच्या रांगेत बसतात. चिंगी दुसऱ्या गावी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली. तिथे बाटलीवरचं नाव वाचण्याचं काम असतं, आणि घाई केली तर काय होतं ते सगळ्यांना माहीत असल्यामुळे तिला तिथे सुखाने राहता येतं. वडिलांना फोन करते. तब्येत विचारते, आणि उत्तर पूर्ण ऐकून घेते.

वहिनींच्या मालाच्या खोलीत त्यानंतर दर वर्षी पाच-सहा मुलं यायला लागली. पालकांनी पाठवलेली नव्हेत, चिंगीच्या मैत्रिणींची धाकटी भावंडं, आपली आपण येणारी. दुकानाच्या मालकाने आधी कुरकुर केली, मग दोन जास्तीची खोकी बसायला दिली. मी अजून जुन्या प्रश्नपत्रिका पोचवतो, आताशा मागे घोडा न काढता.

परवाच्या परीक्षेत एक नवे पर्यवेक्षक माझ्याकडे धावत आले. म्हणाले, “सर, माझ्या वर्गात दोन मुली दहा मिनिटं झाली नुसत्या बसल्यात. आजारी आहेत की काय? डॉक्टरांना बोलावू?”

“नको,” मी म्हटलं. “वाचतायत.”

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.